चाकांवरचें घर आणि रिकामी बॅटरी

ज्येष्ठ वद्य पक्षांत तुकोबारायांची पालखी देहूहून निघून आकुर्डीच्या विठ्ठलमंदिरांत मुक्कामास येते, तेव्हां एका रात्रीपुरतें आमचें हें कारखान्यांचें गांव पुन्हां पंढरीच्या वाटेवरचें खेडें होतें. ज्या त्या मोकळ्या जागेंत दिंड्यांचे ट्रक उभे असतात. ट्रक म्हणजे त्या दिंडीचें घरच. तंबू, शिधा, पातेलीं, अंथरुणें, औषधांची पेटी, सगळें त्याच्या पोटांत. अंधार पडला कीं चालक ट्रकच्याच बॅटरीवरून एक तार काढून दिवा टांगतो. मग त्याच तारेवर कोणी ध्वनिवर्धक लावतो, कोणी आपला मोबाइल आणून खोंचतो. पहांटे दिंडी उठते, चालक किल्ली फिरवतो आणि इंजिनाच्या घरघरीऐवजीं नुसता 'कट्' असा आवाज येतो. रात्रभर सार्‍यांना उजेड देणार्‍या बॅटरींत इंजिन फिरवण्याएवढें बळ उरलेलें नसतें. मग विठ्ठलनामाच्या गजरांत वारकरी ट्रक ढकलूं लागतात. ज्या चालकांनीं चार वार्‍या केल्या आहेत, ते शहाणे होऊन दिव्यांसाठीं निराळी बॅटरी बाळगतात आणि ती दिवसा चालत्या इंजिनावर भरून घेतात.

आमच्या आजच्या लेखाचा विषय ही दुसरी बॅटरी होय. मात्र ट्रकांतली नव्हे, तर मोटारीच्या मागें जोडून ओढून न्यावयाच्या घरांतली. २०२१ सालीं महाराष्ट्र शासनानें कॅराव्हॅन-पर्यटनाचें धोरण जाहीर केलें. अशीं चाकांवरचीं घरें आतां आमच्या बाजूच्या रस्त्यांवर अधूनमधून दृष्टीस पडतात. ज्या कुटुंबांत वृद्ध माणसें आहेत, पथ्यपाणी आहे, आणि सोंवळें सुटलें तरी स्वयंपाक आपल्याच हातचा लागतो, त्यांना ही सोय मोहांत पाडणारी आहे खरी.

आमच्या घरींहि असें एक घर आलें. (घरीं घर येणें हा प्रयोग व्याकरणाला कितपत धरून आहे, हें वाचकांनींच ठरवावें.) आमचा पुतण्या चाकणच्या एका कारखान्यांत इंजिनियर आहे. त्यानें हें घर हौसेनें बांधून घेतलें, पण हौसेच्या मुळाशीं एक कारण होतें. त्याच्या मातोश्री, म्हणजे आमच्या वहिनी, यांना दोन वेळां इन्शुलिन टोंचून घ्यावें लागतें, गुडघ्यांमुळें फार चालवत नाहीं, आणि ह्या दोन कारणांनीं गुहागरास व्याडेश्वराच्या दर्शनाला त्यांचें जाणें सहा वर्षें राहून गेलें होतें. कुलदेवतेचें दर्शन राहिलें ही गोष्ट त्या कधीं बोलून दाखवीत नसत. पण देवघरांतल्या नारळावर दरवर्षीं नवा नारळ येई आणि "गुहागरास न्यायचा आहे" म्हणून बाजूला ठेवला जाई. ह्या नव्या घरांत दोन बिछाने, लहानसा ओटा, पाण्याचा पंप, दिवे, पंखा, आणि मुख्य म्हणजे बॅटरीवर चालणारा लहान फ्रिज होता. औषध थंड राहील, वहिनी पडल्यापडल्या जातील, असा बेत.

वैशाखांत निघालों. कराडवरून पाटणच्या अलीकडे एका ओळखीच्या मळ्यांत रात्रीं मुक्काम केला. सबंध सहा तास मोटार चालली होती, तेव्हां घरांतली बॅटरी कांठोकांठ भरली असणार, अशी सर्वांची समजूत. पहांटे तीनच्या सुमारास फ्रिज एक-दोनदां चिरकला आणि बंद पडला. दिवा लावावा तर तोहि मेणबत्तीसारखा लाल. मोटारीचें इंजिन सुरू करून पाहिलें. फ्रिज क्षणभर गुरगुरे आणि पुन्हां बंद.

वहिनींनीं मात्र गडबड केली नाहीं. मळेकर्‍याच्या घरून एक मोठें मडकें आणि एक लहान मडकें मागून घेतलें, मध्यें ओली वाळू भरली, इन्शुलिनच्या कुप्या घट्ट झांकणाच्या डब्यांत घालून तो डबा आंतल्या मडक्यांत ठेवला आणि वरून ओलें फडकें झांकलें. घाटावरच्या कोरड्या हवेंत ही युक्ति चांगली लागू पडते. पाणी वाळूंतून झिरपून वाळतें आणि वाळतां वाळतां आंतली उष्णता घेऊन जातें. कोंकणांतल्या दमट हवेंत तिचा प्रभाव तितका पडत नाहीं. सकाळीं डॉक्टरांना दूरध्वनि केला. ते म्हणाले, औषध नासलें नाहीं. तीस अंशांच्या आंत राहिलें तर साधारण चार आठवडे टिकतें, मात्र ऊन लागूं देऊं नका आणि बर्फाशीं ठेवून गोठवूंहि नका. (निरनिराळ्या इन्शुलिनांच्या मर्यादा निरनिराळ्या असतात. त्या वेष्टनांतल्या कागदावर छापलेल्या असतात. तो कागद फेंकून देऊं नये.) पण पुढें कोंकणांतला वैशाख, चार रात्रींचा मुक्काम, आणि फ्रिज मेलेला. पुतण्यानें धोका पत्करला नाहीं. कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशींहि न जातां आम्ही माघारीं वळलों. वहिनी परतीच्या वाटेंत खिडकीबाहेर पाहत होत्या. नारळ पिशवींत तसाच होता.

घरीं येतांच पुतण्यानें बॅटरी बदलली. जुनी दोन वर्षांचीहि नव्हती. नवी बसवून तो चाचणीसाठीं पवनेच्या धरणाकांठीं एक रात्र राहून आला, आणि तिसर्‍या प्रहरापर्यंत पुन्हां तोच प्रकार! मग एका वायरमनला बोलाविलें. त्यानें मोटार सुरू करविली, मागची जोडणी सोडवून घराकडच्या टोंकाला मीटर लावला आणि आम्हांला आंकडा दाखविला.

"गुरुजी, बघा, चौदा पूर्णांक एक. व्होल्टेज बरोबर येतंय. नवी बॅटरीच खराब निघाली."

आम्हांला विजेची विद्या नाहीं. मॅट्रिकला ओहमचा नियम पाठ केला होता, तेवढीच पुंजी. पण चाळीस वर्षें मुलांना संस्कृत शिकवितांना तर्कसंग्रहाचीं पानें उलटलीं आहेत, आणि त्या वायरमनचें अनुमान ऐकतांच आमचे कान टवकारले. दोन निरनिराळ्या बॅटर्‍यांना एकच रोग कसा होईल? कारण बदललें तरी कार्य बदललें नाहीं, तर तें कारणच नव्हे. व्यतिरेक म्हणतात तो हाच. तेव्हां बॅटरीला निर्दोष समजून वाटेकडे पाहिलें पाहिजे होतें. पुतण्याला आम्हीं हें सांगितलें तेव्हां तो हंसून म्हणाला, "काका, नैयायिकांच्या वेळीं अल्टर्नेटर नव्हता." तें खरें आहे. पण धूर होता, आणि धुरावरून अग्नि ओळखतांना होणार्‍या चुकाहि होत्या.

चूक वायरमनच्या मोजण्यांत नव्हती, मोजण्यावरून काढलेल्या निष्कर्षांत होती. जुन्या वाड्यांतला नळ आठवा. सगळ्यांच्या तोट्या बंद असल्या म्हणजे वरच्या मजल्यावरच्या नळालाहि दाब पुरेपूर असतो. अंगठा लावून पाहणारा म्हणेल, पाणी झकास आहे. पण खालच्या बिर्‍हाडांतली तोटी सुटली कीं वर थेंब येत नाहीं. कारण नळ आंतून गंजून सुतासारखा बारीक झालेला असतो. वाहत्या पाण्यालाच नळाचा अडथळा भोगावा लागतो, उभ्या पाण्याला नाहीं. विजेचेंहि तसेंच आहे. तारेंतून प्रवाह वाहत नसला तर एका केंसाएवढ्या धाग्यानें जोडलेल्या टोंकावरहि मीटर पूर्ण चौदा व्होल्ट दाखवील. म्हणजे, मोकळ्या टोंकावर चौदा व्होल्ट दिसणें हें लक्षण धडधाकट वाटेवरहि सांपडतें आणि रोगट वाटेवरहि सांपडतें. असला दोन्ही डगरींवर पाय ठेवणारा हेतु कांहींच सिद्ध करीत नाहीं. न्यायशास्त्रांत त्याला सव्यभिचार हेत्वाभास असें नांव आहे. त्या एका हेत्वाभासापायीं आमच्या घरीं एक बॅटरी फुकट गेली होती आणि दुसरी दुकानीं परत जावयाच्या वाटेवर होती.

आम्हीं हट्ट धरला कीं सगळी जोडणी जशी प्रवासांत असते तशी करावी, फ्रिज लावावा, इंजिन चालूं द्यावें, आणि मग मोजावें. वायरमन स्वभावानें भला माणूस; "चला, गुरुजींचं समाधान होऊं दे" म्हणून तयार झाला. मोटारीच्या बॅटरीवर आंकडा आला १४.१. घरांतल्या बॅटरीवर आंकडा आला १२.४. वायरमननें मीटर एकदां झटकला, पुन्हां लावला, आणि मग आमच्याकडे पाहिलें.

हा १.७ व्होल्टचा फरक किती मोठा आहे हें कळण्यासाठीं बॅटरीचा स्वभाव थोडा जाणून घेतला पाहिजे. शिशाच्या पाट्या आणि गंधकाम्ल यांची ही पुन्हां भरतां येणारी बॅटरी फ्रान्समधील गॅस्टन प्लांते यानें १८५९ सालीं शोधिली, आणि तिची मूळ रचना आजहि तीच आहे. बारा व्होल्टची म्हणतात ती बॅटरी पूर्ण भरून स्वस्थ बसली असतां १२.७ च्या आसपास दाखविते; १२.२ म्हणजे अर्धी; ११.९ च्या खालीं म्हणजे जवळजवळ रिकामी. पण भरावयाची झाली तर तिच्या अंगच्या दाबापेक्षां बाहेरचा दाब बराच जास्त लागतो, १४.४ च्या सुमाराचा दाब कांहीं तास मिळाला तरच ती कांठोकांठ भरते. १२.४ वर तिच्यांत थोडेंसें शिरतें, पण तेवढ्यांत फ्रिज आपला वांटा काढून घेतो आणि सहा तासांच्या प्रवासानंतरहि ती अर्धपोटीच राहते. शिवाय अर्धपोटी ठेवलेल्या बॅटरीच्या पाट्यांवर शिशाच्या गंधकिताचे खडे घट्ट होत जातात आणि तिची धारणशक्ति कायमची कमी होते. जुन्या बॅटरीवर हाच अन्याय दोन वर्षें चालला असला पाहिजे. ती मेली होती हें खोटें नव्हे. पण ती मारली गेली होती, आणि मारेकरी मोकळाच होता.

आकुर्डीकरांना बॅटरीचें नवल नसावें. आज एक्साइड या नांवानें ओळखल्या जाणार्‍या कंपनीचा चिंचवडचा कारखाना १९६९ सालापासूनचा. १९७२ सालीं ज्या चेतक स्कूटरनें मध्यमवर्गाला चाकें दिलीं, तिचेंच नांव घेतलेली विजेची स्कूटर २०२२ पासून आकुर्डींतच तयार होते. पण कारखाना दाराशीं असल्यानें विद्या घरांत येत नाहीं.

असो. १.७ व्होल्ट गेले कुठें, हें शोधण्याची रीत फार सोपी निघाली, आणि ती घरोघरीं उपयोगी पडण्यासारखी असल्यामुळें सविस्तर सांगतों. प्रवाह वाहत असतांनाच मीटरचें एक टोंक मोटारीच्या बॅटरीच्या धन खुंटीवर व दुसरें घरांतल्या बॅटरीच्या धन खुंटीवर ठेवावें. वाट निर्दोष असती तर दोन्हीकडे दाब सारखाच, आणि मीटर जवळजवळ शून्य दाखविता. आमच्या येथें त्यानें ०.८ दाखविले. मग ऋण खुंटीवरून ऋण खुंटीवर मोजलें, तर ०.९! दोन्हींची बेरीज बरोबर १.७. हिशेब जुळल्याचा आनंद गणिताच्या शिक्षकांनाच होतो असें नाहीं.

आतां ऋण बाजूकडे कोणी लक्षच देत नाहीं. धन तार लाल रंगाची, फ्यूज असलेली, मानाची. ऋण तार म्हणजे जी असेल ती, नसली तरी मोटारीचा सांगाडा आहेच. आमच्या घराची ऋण तार मागच्या बाजूस सांगाड्याला एका बोल्टनें आंवळली होती. बोल्ट उघडला तर खालीं कारखान्याचा रंग तसाच, आणि रंगाच्या कडेनें तांबूस गंज. लोखंडाचा सांगाडा वीज वाहतो हें खरें, पण रंग वाहत नाहीं आणि गंज जेमतेम वाहतो. पत्रकागदानें जागा घांसून चकाकीत केली, नवा वॉशर घातला, तेव्हां त्या बाजूचा तोटा ०.९ वरून ०.४ वर आला.

धन बाजूला मात्र घांसण्यानें भागलें नाहीं. तिथें २.५ चौरस मिलिमीटरची तार होती, जी घरांतल्या प्लगाला वापरतात त्या जातीची. मोटारीच्या तोंडापासून घराच्या पोटापर्यंत आठ मीटर. अशा तांब्याच्या तारेचा दर मीटरला विरोध सुमारें ०.००७ ओहम, आठ मीटरांचा ०.०५५; आणि प्रवाह मोजला तर आठ अँपिअर होता. गुणाकार करा: जवळजवळ ०.४५ व्होल्ट नुसत्या तारेंत गेले. बाकीचे फ्यूजच्या सैल बैठकींत आणि जोडणीच्या हिरवट पडलेल्या खिळ्यांत. ती जोडणी सात खिळ्यांची, वास्तविक ट्रेलरचे दिवे लावण्यासाठीं असते. डावा इशारा, उजवा इशारा, मागचे दिवे, ब्रेकचा दिवा, धुक्याचा दिवा आणि एक ऋण, एवढ्यांतच सातहि खिळे संपतात. तिच्यांतल्या एखाद्या खिळ्याला बॅटरी भरण्याचें काम लावणें म्हणजे पोस्टमनकडून धान्याचीं पोतीं वाहविण्यासारखें आहे. तेरा खिळ्यांची युरोपीय जोडणी असते, तिच्यांत नववा खिळा कायमच्या विजेसाठीं, दहावा किल्ली फिरविल्यावर येणार्‍या विजेसाठीं, आणि त्यांचे परतीचे खिळे स्वतंत्र, अशी सोय मुळांतच केलेली आहे. आमच्याकडे ती नव्हती.

येथेंच लेख संपला असता, आणि पुतण्या तर उठून चहा सांगावयासहि गेला होता. पण इंजिन चालूच होतें, आणि वीस-बावीस मिनिटांनीं घराच्या कोंपर्‍यांतून 'टक्' असा लहानसा आवाज आला. पाहतों तों घरांतल्या बॅटरीकडे जाणारा प्रवाह शून्य! मोटारीच्या बॅटरीवर मीटर लावला, १४.१ च्या जागीं १२.७. पुतण्याचा चेहरा पडला. "काका, आतां अल्टर्नेटर गेला वाटतं."

अल्टर्नेटर गेला नव्हता. तो शहाणा झाला होता. जुन्या गाड्यांत इंजिन फिरतें तोंवर अल्टर्नेटर एकसारखा चौदा व्होल्टच्या आसपास दाब देत राही. १ एप्रिल २०२० पासून देशभर बी.एस.-सहा हे धुराचे कडक नियम लागू झाले. इंधनाचा थेंबन् थेंब वांचविण्यासाठीं आतां बर्‍याच गाड्यांत असें केलेलें असतें कीं गाडीची स्वतःची बॅटरी पुरेशी भरली म्हणजे संगणक अल्टर्नेटरला विश्रांति देतो आणि दाब साडेबारा-तेरावर उतरतो. ब्रेक दाबला कीं मात्र फुकट मिळणार्‍या शक्तीचा लाभ घेऊन दाब एकदम वर चढवितो. गाडीपुरती ही योजना उत्तम आहे. पण मागें एक घर बांधलेलें आहे आणि त्यांत एका म्हातार्‍या बाईचें औषध आहे, हें त्या संगणकाला कोण सांगणार? त्यांतच आमच्या घरांत बसविलेला रिले दाबावर चालणारा: चढा दाब असला म्हणजे इंजिन चालू आहे असें समजून तो दोन बॅटर्‍या जोडी, आणि दाब उतरला म्हणजे इंजिन बंद झालें असें समजून तोडी. म्हणजे त्याचेंहि अनुमान चुकत होतें! पाटणच्या वाटेवर पहिल्या अर्ध्या तासानंतर घरांतली बॅटरी भरली गेलीच नसावी. उरलेले साडेपांच तास फ्रिज तिच्याच पोटांतलें खात होता.

वायरमननें सुचविलें कीं दिवसाहि पुढचे दिवे लावून गाडी चालवावी, म्हणजे संगणक दाब वर ठेवतो. कांहीं गाड्यांत ही युक्ति चालते असें नंतर समजलें. आमच्या गाडींत चालली नाहीं. नुसती जाड तार घातली असती तरी उपयोग नव्हता. वाट कितीहि रुंद केली तरी वरूनच १२.७ येत असतील तर खालीं १४.४ कुठून येणार?

यावर उपाय म्हणजे डी.सी.-टु-डी.सी. चार्जर नांवाची पेटी. ही पेटी घरांतल्या बॅटरीच्या अगदीं शेजारीं बसवितात. समोरून दाब उतरता येवो कीं चढता येवो, ती तो आपल्या आंत हवा तेवढा उचलून १४.४ करून पुढें देते. खोल विहिरींतलें पाणी मोटेनें पाटांत चढवावें तसें. अर्थात् मोटेला बैल लागतात. दाब वाढविण्याची किंमत प्रवाहानें द्यावी लागते. वीस अँपिअर पुढें द्यावयाचे तर मागून सुमारें सव्वीस ओढले जातात. म्हणून मग वाटहि रुंद हवीच. आम्हीं १६ चौरस मिलिमीटरच्या दोन तारा, धन आणि ऋण दोन्ही, मोटारीच्या बॅटरीपासून थेट चार्जरपर्यंत नेल्या, सांगाड्याच्या भरंवशावर ऋण ठेवलें नाहीं. दिव्यांची सात खिळ्यांची जोडणी दिव्यांपुरतीच राहिली. विजेसाठीं अँडरसन नांवानें बाजारांत मिळणारा जाड दोन खिळ्यांचा जोड निराळा बसविला. आठ मीटर जाऊन आठ मीटर परत यावयाच्या ह्या तारेंत सव्वीस अँपिअरवरहि अर्ध्या व्होल्टपेक्षां कमी तोटा होतो.

दोन गोष्टींविषयीं आम्हीं वायरमनशीं वाद घातला आणि त्या लिहून ठेवण्यासारख्या आहेत. त्यानें फ्यूज एकच, मोटारीच्या बाजूला घातला होता. पण ह्या तारेच्या दोन्ही टोंकांना बॅटरी आहे. तार मध्येंच घांसून सांगाड्याला टेकली तर आग ओतणारीं तोंडें दोन. तेव्हां प्रत्येक बॅटरीच्या खुंटीपासून वीतभर अंतरावर एकेक फ्यूज पाहिजेच. फ्यूज तारेच्या रक्षणासाठीं असतो, यंत्राच्या नव्हे, हें त्यानेंच पूर्वीं एकदां आम्हांला सांगितलें होतें. तेंच त्याला परत केलें. दुसरी गोष्ट, चार्जर सुरू होण्याचा इशारा. आमच्यासारख्या गाडींत तो दाबावरून घेऊं नये; किल्ली फिरविल्यावरच जिच्यांत वीज येते अशा तारेवरून घ्यावा. कायमच्या तारेवरून घेतला तर गाडी उभी असतांनाहि चार्जर मोटारीची बॅटरी उपसून घरांत ओतीत राहील, आणि सकाळीं पालखीच्या ट्रकासारखा 'कट्' आवाज ऐकावा लागेल.

हल्लीं लोक लिथियमच्या बॅटर्‍या घेतात. हलक्या असतात, टिकतात, यांत शंका नाहीं. पण त्या विजेच्या बाबतींत श्राद्धाला जेवावयास बसलेल्या बटूसारख्या: वाढाल तेवढें घेतात, पुरे म्हणत नाहींत. मध्यें चार्जर न ठेवतां त्या थेट मोटारीला जोडल्या तर अल्टर्नेटर तापून बिघडण्याचा संभव असतो. आमची शिशाचीच आहे. तिची रीत याच्या उलट: पहिली ऐंशी टक्के भूक लवकर भागते, शेवटचे वीस टक्के सावकाश, तासन् तास. शंभर अँपिअर-तासांची अर्धी रिकामी बॅटरी तीन तासांच्या प्रवासांत बरीचशी भरते, पूर्ण नव्हे. आमचा लहान फ्रिज दिवसाकांठीं पंचेचाळीसच्या आसपास अँपिअर-तास खातो. म्हणजे एक दिवस न हलतां राहतां येतें, दोन दिवस नाहीं. मुक्काम लांबला तर रात्रभर कोणाच्या तरी घरच्या विजेवर ती भरून घ्यावी लागते, आणि तशी सोय करून घेण्यास संकोच वाटूं देऊं नये.

सर्व बसवून झाल्यावर पुन्हां तीच परीक्षा केली. फ्रिज लावून, इंजिन चालवून, चाळीस मिनिटें वाट पाहिली. मोटारीवर १२.७. चार्जरच्या तोंडाशीं १२.२. घरांतल्या बॅटरीवर १४.४. वायरमननें पैसे घेतांना एक वाक्य बोलून दाखविलें तें आम्हांला आवडलें: "गुरुजी, आतां मी पण आधी लोड लावूनच बघणार." दुकानीं परत द्यावयाची म्हणून दाराशीं ठेवलेली नव्या बॅटरीची पावती वहिनींनीं उचलून कपाटांत ठेवली.

मार्गशीर्षांत पुन्हां निघालों. त्याच मळ्यांत मुक्काम केला. पुतण्या रात्रीं दोनदां उठून मीटर पाहून आला. आम्हीहि एकदां गेलों हें कबूल करतों. सकाळीं १२.५ होते आणि फ्रिजमध्यें चार अंश. कुंभार्ली घाट उतरतांना संगणकानें ब्रेकची फुकटची वीज ओतली तीहि घरांत जमा झाली. दुपारीं चिपळूण, आणि तिसर्‍या प्रहरीं गुहागर. व्याडेश्वराच्या पायर्‍या वहिनी आमच्या वडीलबंधूंच्या हाताला धरून चढल्या. पिशवींतून एकामागून एक नारळ निघाले. पुजार्‍यांनीं विचारलें, इतके कशाला? वहिनी म्हणाल्या, "साठले होते."

परत येतांना आमच्या लक्षांत आलें कीं तीं दोन मडकीं, ओल्या वाळूसकट, ओट्याखालीं ठेवलेलीं आहेत. "वहिनी, आतां हीं कशाला?" आम्हीं विचारलें. त्यांनीं फडकें बाजूला केलें. आंत औषध नव्हतें, ताक होतें.